मणिसेन उठलाच नाही

सिनेमा भिकार आहे हे मी पहिल्या दहा मिनिटांतच ओळखलं होतं. राजपुत्र मणिसेन दिग्विजयाला निघाला तो कोंडाजीच्या घोड्यावर बसून. माथेरानला पाहुण्यांना फिरवणारं ते एका पांढऱ्या पायाचं घोडं आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्या मागे बसलेली शकू म्हणाली, "अगं बाय, ह्यो तर कोंडाजीचा चांद्या," आणि सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. तोवर हसण्यासारखंच होतं सगळं.

ही गोष्ट चौसष्ट सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा कर्जतला मुलींच्या शाळेत शिकवत होते. वय सव्वीस, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी ठाम समजूत. मास्तरकी करणाऱ्यांचा तो रोगच आहे. घरी सासूबाई, मी आणि चार वर्षांचा विष्णू. आमचे हे नोकरीपायी मुंबईला, शनिवारी यायचे.

त्या दिवशी विष्णूच्या तापाचा अकरावा दिवस होता. विषमज्वर, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एकविसाव्या दिवसापर्यंत कधीही उलटेल, जपा, असंही सांगितलं होतं. सकाळी ताप शंभराच्या खाली आला आणि पोरानं स्वतःहून पाणी मागितलं. सासूबाई म्हणाल्या, "सुचेता, दहा दिवस उशापाशी बसून काळवंडलीस. गौराबाई बोलावायला आलीय, तर तीन तास जाऊन ये तिच्याबरोबर. मी आहे." मी गेले. आईनं तापलेलं पोर टाकून सिनेमाला जावं का, हा प्रश्न तेव्हा मला कुणी विचारला नाही. पुढे मीच स्वतःला पुष्कळ वेळा विचारला.

गौराबाई जवळच्या पोशीर गावची. साठीची असेल. बाजारच्या दिवशी भाजी घेऊन यायची आणि जाताना आमच्या ओटीवर घोटभर चहा घ्यायची. तिला सिनेमा बघायचा होता तो मणिसेनासाठी.

मणिसेनविजय ही आमच्या भागातली जुनी पोथी. चारशे वर्षांपूर्वी कुणी कवीनं ओव्यांत रचली, अडतीस अध्यायांची. भात घरात आलं की पोशीरच्या देवळात ती लावायची रीत होती. माझे सासरे होते तोवर दरवर्षी तेच जाऊन वाचत. ते गेले आणि वाचन बंद पडलं. पोशीरची माणसं दोनदा मला विचारायला आली होती. मी शाळेची सबब सांगितली. खरं सांगायचं तर त्या ओव्यांचा मला कंटाळा होता. म्हणजे तीन वर्षं त्या बायकांनी मणिसेन ऐकला नव्हता, आणि आता तो पडद्यावर येणार म्हटल्यावर पोशीरच्याच वीस-पंचवीसजणी चालत आल्या होत्या.

या पोथीचा एक नियम होता. एकविसाव्या अध्यायात मणिसेनाचा सख्खा काका नदीच्या उतारावर विषारी बाण मारून त्याला ठार करतो. सगळं सैन्य त्याच्याबरोबर मरून पडतं. बाविसाव्यात त्याची राणी कांतिमती पदर पसरून गावोगाव हिंडते, घरटी मूठभर तांदूळ मागते, रणावर तीन दगडांची चूल मांडून पेज करते. पेजेचा थेंब ओठाला लागला की मणिसेन उठतो आणि त्याच्यामागे सैन्य उठतं. नियम असा, की हे दोन अध्याय एका बैठकीत व्हायचे. मरणाचा अध्याय लागला की मणिसेन उठेपर्यंत ना वाचणाऱ्यानं जागचं हलायचं, ना ऐकणाऱ्यानं. मध्येच जो उठेल त्याच्या घरातलं माणूस जातं. माझ्या सासऱ्यांना एकदा वाचता वाचता विंचू चावला होता, तरी ते उठले नव्हते. घरात ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगत. मला ती ऐकून सासऱ्यांची कीव यायची.

पदूशेठची टॉकीज म्हणजे भाताच्या गिरणीची जुनी वखार. वर पत्रा, खाली तरट, मागे चार बाकं. बुधवारचा तीनचा खेळ फक्त बायकांचा. पन्नास-साठजणी होतो आम्ही.

तर घोड्याला हसून झालं, कागदी मुकुटांना हसून झालं. राणी कांतिमतीच्या मनगटावर घड्याळ बांधल्याचा पांढरा पट्टा दिसत होता, त्याच्यावरही हसून झालं. मग नदीचा उतार आला. हे चित्र दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्याच नदीवर घेतलं होतं आणि पोशीरचे बरेच गडी त्यात सैनिक म्हणून उभे राहिले होते. गौराबाईचा थोरला, गजा, त्यात होता. काकानं बाण मारला. मणिसेन हात पसरून, डोळे फिरवून, बऱ्याच वेळानं एकदाचा पडला. आणि पडद्यावर नदीकाठची मढी दिसू लागली. एका मढ्यावर येऊन चित्र थांबलं. तोंड उघडं, गालाला चिखल.

"माझा गजा," गौराबाई हळूच म्हणाली.

कुणी हसलं नाही. तेवढ्यात दिवे लागले. मध्यांतर.

पदूशेठचा माणूस शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन दारात उभा होता. एकही बाई उठली नाही. एरवी मध्यांतर झालं की दाराशी चेंगराचेंगरी व्हायची. आज सगळ्या मांडी घालून, ओठ मिटून बसून राहिल्या. लहान पोरांनाही मांडीवर दाबून धरलेलं. एका पोरीला लघवीला जायचं होतं, तिला आईनं तिथंच पदराआड बसवलं.

मला राग आला. कशाचा आला ते आज नीट सांगता येत नाही. कोंडाजीच्या घोड्यावरचा तो रंगवलेला नट, त्याच्यासाठी या बायका सासऱ्यांच्या पोथीचा नियम पाळत होत्या, हे मला असह्य झालं असावं. मी उभी राहिले. मला काही नको होतं. मी मुद्दाम उठले. गौराबाईनं माझ्या निऱ्या धरल्या. "मास्तरीणबाय, बस गं. मेलाय त्यो अजून." मी म्हटलं, "गौराबाई, हा सिनेमा आहे." निऱ्या सोडवून मी बाहेर गेले, विष्णूसाठी लिमलेटच्या गोळ्या घेतल्या, उन्हात दोन मिनिटं उभी राहिले आणि शिष्ट चेहऱ्यानं परत येऊन बसले.

पुढचा भाग सुरू झाला. कांतिमतीनं पांढरी साडी नेसून एक लांबलचक गाणं म्हटलं. आता ती पदर पसरेल, असं मला वाटलं. तिनं पदर पसरला नाही. एक न्हावी आणि त्याची जाडी बायको आली आणि त्यांचा धिंगाणा अर्धा तास चालला. मग सेनापती वेष बदलून काकाच्या महालात शिरला. मला हळूहळू जाणवलं की आजूबाजूला अगदी शांतता आहे. बायका पडद्याकडे बघत होत्या, पण सिनेमा बघत नव्हत्या. वाट बघत होत्या.

मीही वाट बघायला लागले. कधीपासून ते कळलं नाही. न्हावी पडद्यावर पाय घसरून पडला तेव्हा माझ्या मनात आलं, आता पुरे, आता तांदूळ मागायला निघ बाई. सेनापतीनं काकाला मारलं. आता. राणीनं एका दगडावर फुलं वाहिली, डोळे टिपले. आता. पडद्यावर अक्षरं आली : समाप्त.

डोंगर पोखरून उंदीर निघाला, असं म्हणून मी एरवी मोकळी झाले असते. पण पोथीतल्या मणिसेनाला सासऱ्यांनी दरवर्षी उठवला होता. या लोकांनी त्याला नदीवर तसाच टाकला, आणि मी मधेच उठून गेले होते. ही दोन वाक्यं डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसली आणि हलेनात. घरी पोर तापात होतं.

दिवे लागले. बायका बसलेल्याच.

पदूशेठ आत आला. "चला बायांनो, सहाचा खेळ लावायचाय. झाला सिनेमा."

"झाला नाय," गौराबाई म्हणाली. "मणिसेन उठला नाय."

"अगं, त्यात नाही उठत तो."

"मंग आमी पन नाय उठत."

पदूशेठ आधी हसला, मग ओरडला, मग हात जोडले. शकू म्हणाली, "शेठ, माझा मालक कारखान्यात भट्टीवर हाय. मी नाय उठायची." दुसरी म्हणाली, तिच्या सुनेला नववा महिना. प्रत्येकीच्या घरात कुणी ना कुणी होतंच, कुणाचं नसतं? आणि गौराबाई? तिच्या गजाला तर तिनं मरून पडलेला बघितला होता.

पदूशेठनं शेवटी माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही शिकलेल्या. सांगा यांना."  मग मी विचारलं, "शेठ, सगळी रिळं लावलीत ना?"

तो चपापला. वर यंत्राच्या झरोक्यातून हिरू ऑपरेटरचं डोकं बाहेर आलं. "एक नाही लावलं, बाई. शेठ म्हणाले, बायकांचा खेळ लवकर संपव."

तुम्हाला सांगते, मला एवढं हायसं दुसऱ्या कशानं कधी वाटलं नव्हतं. बायकांत कुजबुज उठली, एकीनं तर हात जोडले. असणारच. पेज त्या रिळात असणार. पदूशेठनं शिव्या दिल्या, हिरूनं दिवे मालवले आणि ते गाळलेलं रीळ लावलं.

काकाच्या महालात एक नाचणारी आली. ती नाचली. काका डोलला. न्हाव्यानं कोपऱ्यातून डोळा मारला. दहा मिनिटं ती नाचली आणि रीळ फडफडत संपलं.

दिवे लागले. मी घामानं भिजले होते. जानेवारीत, पत्र्याखाली.  मी गौराबाईला विचारलं, अगदी हलक्या आवाजात, "जो मध्ये उठला, त्यानं काय करायचं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला विष्णूचं माहीत होतं. "परत येऊन बसलीस ना? मंग झालं. आता मातुर उठू नको." मग ती सगळ्यांना म्हणाली, "तांदूळ हायेत का गं कुनाकडं?"

शकूजवळ बाजारातून घेतलेली उकड्या तांदळाची पिशवी होती. तीच फिरली. प्रत्येकीनं एक मूठ घेतली. गौराबाईनं मांडी बदलली, डोळे मिटले आणि पडद्याकडे पाठ करून बाविसावा अध्याय म्हणायला लागली. अक्षरओळख नव्हती तिला. तीस-चाळीस वर्षं नुसतं ऐकून पाठ झालेलं. सासऱ्यांचीच चाल, सासऱ्यांचाच थांबा. पदूशेठ दाराशी उकिडवा बसला. त्याची बायकोही पोटुशी होती, हे मला मागाहून कळलं.

अध्याय दोनशे ओव्यांचा. कांतिमती गावोगाव जाते, प्रत्येक गावाला वेगळी ओवी, आणि त्या त्या ओवीला एकेक बाई पुढे होऊन आपली मूठ गौराबाईच्या पदरात टाकत होती. चाळीसेक ओव्या झाल्या असतील. तेव्हा दारात चिंधी दिसली. आमच्याकडे भांड्याला यायची ती. धावत आली होती.

"बाईसाहेब," ती दारातूनच म्हणाली, "बाळाचा ताप लई चढलाय. आजी बोलावत्यात. आत्ताच चला म्हनल्या."

 मी उठायला म्हणून हात जमिनीला टेकला. साठ बायका माझ्याकडे बघत होत्या. गौराबाईचे डोळे उघडे होते. तोंडातली ओवी थांबली नव्हती, थांबवता येत नव्हती, पण ती माझ्याकडे एकटक बघत होती. भुवया वर चढलेल्या, मान पुढे काढलेली. मला वाटलं, ती सांगतेय, बस. एकदा उठलीस, तर हे झालं. आता उठलीस तर संपलंच.

मी बसले.

पुढचा पाऊण तास मी कसा काढला ते मला शब्दांत सांगता येणार नाही, आणि मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला. मी ओव्या मोजत होते. अजून शंभर. अजून नव्वद. मध्येच गौराबाई एका ओवीला अडली, आणि सगळी वखार श्वास धरून बसली. ती ओवी मला येत होती. सासऱ्यांच्या तोंडून ऐकून नकळत डोक्यात राहिलेली. मी ती म्हटली. माझा आवाज मला ओळखू आला नाही. माझी मूठ टाकायची पाळी आली तेव्हा तांदूळ घामानं तळव्याला चिकटले होते. ते मी एकेक करून सोडवले, एकही दाणा हातात राहू नये म्हणून. घर सहा मिनिटांवर होतं. मी सहा मिनिटांवर बसून तांदळाचे दाणे मोजत होते.

ओवीत पेज झाली. थेंब लागला. मणिसेन उठला. सैन्य उठलं. बायकांनी कपाळाला हात लावले आणि एकदम सगळ्यांना रडू फुटलं. मी धावत सुटले. चप्पल तिथंच राहिली.

घरात डॉक्टर हात धूत होते. विष्णू सासूबाईंच्या मांडीवर होता, डोक्यावर ओल्या घड्या. त्याला तापात झटका आला होता. अंग ताठ, डोळे पांढरे. दात जिभेत रुतले होते, ओठाच्या कडेला रक्त सुकलेलं. सासूबाईंनी एकटीनं त्याला धरून ठेवलं होतं. आता तो शांत होता. माझ्याकडे बघत होता, पण बोट सासूबाईंचं धरलेलं. मी हात पुढे केला तर त्यानं मान फिरवली.

"आत्ता येतेस?" सासूबाई म्हणाल्या. मी सांगितलं नाही इतका वेळ का थांबले ते. त्यांनी विचारलंही नाही.

पोर वाचलं. सतराव्या दिवशी ताप उतरला. आज तो चांगला बाप्या आहे, खोपोलीला नोकरी करतो. तो वाचला, कारण मी बसून राहिले, असं पोशीरच्या बायका एकमेकींना सांगत होत्या. माझ्या कानावर येत होतं. मी त्या बोलण्याला धरून होते. त्याच्याशिवाय माझ्यापाशी दुसरं होतं काय?

आठवड्यानं गौराबाई आली. विष्णूसाठी गावठी अंडी आणली होती. ओटीवर बसली, चहा घेतला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "गौराबाई, तुम्ही त्या दिवशी माझ्याकडे बघितलंत म्हणून मी बसले. नाहीतर मी उठले असते, आणि माझं पोर..."

तिनं कप खाली ठेवला. 

"बाय गं," ती म्हणाली, "मी तर तुला जा म्हनत व्हते. तोंडात ओवी व्हती, बोलता येत नवतं. मंग डोळ्यांनी म्हनले, जा. लई येळा म्हनले."

"पण तुम्हीच सांगितलं होतंत, आता उठू नको."

"तवा पोर बरं व्हतं."

"आणि नियम?"

"नियम हाय की. माझ्या गजाला असं झालं असतं, तर मी मणिसेनाला तितंच टाकून पळाले असते. आमच्यातल्या किती जनी पळाल्या हायेत आजवर. तुज्या सासऱ्यांनी कदी कुनाला अडवलं नाय. मान खाली घालून वाचत ऱ्हायचे." ती उठली, टोपली डोक्यावर घेतली. "तू शिकलेली. मला वाटलं, तुला तरी कळंल."